क्वॉरी बँक मिल, स्टायल: आधी पोरांचं घर बघा, मग मिल

आधी कामाचं सांगते, रामायण नंतर. मँचेस्टरला घरी कोणी पाहुणे आले, त्यातून मुंबईचे, त्यातून गिरणगावातले, तर ते दोन्ही फुटबॉलचे स्टेडियम दाखवून झाल्यावर एक अख्खा दिवस काढा आणि स्टायलला क्वॉरी बँक मिलला घेऊन जा. विमानतळाच्या अगदी शेजारी आहे, इतकं शेजारी की झाडीतून चालताना डोक्यावरून विमानं जातात आणि आपण मात्र १७८४ सालच्या गिरणीत. नॅशनल ट्रस्टचं, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या इथल्या संस्थेचं आहे, मेंबरशिप असेल तर वेगळं तिकीट नाही. बूट चांगले घाला, नदीकाठचा रस्ता चिखलाचा आहे. लिफ्ट आहे, म्हाताऱ्या माणसांची काळजी नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे वेगवेगळ्या गोष्टी बघायला आहेत, मिल, बाग, मालकाचा बंगला, कामगारांचं गाव आणि पोरांचं घर, म्हणजे अप्रेंटिस हाउस. ह्यातलं पोरांचं घर आधी बघा. तिथे गाईड बरोबर फिरवून दाखवतात, वेळ ठरवून दिलेली असते, तेव्हा आत शिरल्या शिरल्या आधी ते विचारून घ्या. आम्ही आधी तेच केलं आणि बरं झालं, कारण ते बघून मिलमध्ये गेलं की मशीन नुसतं मशीन दिसत नाही.

आम्ही तिघं गेलो होतो. मी, माझी लेक, वय नऊ, आणि मुंबईहून आलेले बाबा, वय पंच्याहत्तर. नवरा मॅच आहे म्हणून घरी. बाबा १९७१ ला लालबागच्या एका मिलमध्ये बदली कामगार म्हणून, म्हणजे कोणी गैरहजर असलं की त्याच्या जागी, लागले, विव्हिंगला, म्हणजे मागांवर होते, पुढे परमनंट झाले आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो आमच्या घरापुरता अजून संपलेलाच नाही. त्यानंतर सिक्युरिटीची नोकरी, रिटायर. डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, ती मागांची देणगी. त्यांना "मिल बघायला जाऊया" म्हटलं तर म्हणाले, "अगं अकरा वर्षं बघितली की." तरी आले. येताना ट्रेन रद्द झाली, टॅक्सी करावी लागली, पौंडाचे रुपये करून बाबा तोंडातल्या तोंडात पुटपुटले, ते असो.

गेल्या वर्षी आम्ही दुसऱ्या एका म्युझियमला गेलो होतो, नाव घेत नाही, तिथेही जुनी मिल दाखवू म्हणाले आणि मशिनी सगळ्या बंद, काचेच्या मागे, बटण दाबलं की स्पीकरमधून खडखडाट. तसं इथे नाही. इथे मशीन खरंच चालवतात. त्याबद्दल पुढे.

तर पोरांचं घर. पांढरं चुन्याचं दुमजली टुमदार घर, समोर भाज्यांचा मळा. फोटो काढावा असं. माझ्या लेकीने बाहेरून बघून "हाऊ क्यूट" म्हटलं आणि मीही मान डोलावली. हे घर १७९० मध्ये बांधलं. मिलचा मालक सॅम्युअल ग्रेग, मूळचा बेलफास्टचा. मिल पाण्यावर चालायची म्हणून ती बॉलिन नदीच्या दरीत काढली, पण दरीत माणसं कुठून आणायची? आजूबाजूला चार शेतकरी. त्यांना गिरणीत जायचंच नव्हतं. मग त्याने आणि त्याच्यासारख्या बऱ्याच मालकांनी जो मार्ग काढला तो असा की गावागावांत गरिबांसाठी वर्कहाउस असायचं, आईबाप मेलेली किंवा आईबापांना पोसायला न जमणारी पोरं तिथे टाकलेली असायची, ती पोसायचा खर्च तिथल्या चर्चच्या हद्दीतल्या करदात्यांवर. मिलवाला म्हणणार मी घेतो, काम शिकवतो. वर्कहाउसवाले म्हणणार घ्या, वर थोडे पैसे पण घ्या आणि दोन जोड कपडे. हो, मिलवाल्याने पैसे द्यायचे नाहीत, मिलवाल्यालाच मिळायचे. पोरं लिव्हरपूलहून यायची, लंडनच्या हॅकनी आणि चेल्सीहून यायची. करार व्हायचा आणि खाली पोराची सही. सही म्हणजे फुली, कारण लिहिता कोणाला येत होतं. त्या एका फुलीवर अठरा-एकवीस वर्षांचा होईपर्यंत पोरगं मिलचं. पगार नाही. जेवण, कपडे, अंथरूण, बास.

भर असताना या घरात नव्वदेक पोरं राहायची. साठ मुली, तीस मुलगे. आम्ही पंधरा-एक जण टूरला होतो तर वरच्या खोलीत दाटी झाली होती.

वर झोपायची खोली आहे. लाकडी पलंग, पेंढ्याच्या गाद्या, एका पलंगावर दोघी. लेकीने लगेच हिशोब केला की म्हणजे तीस पलंग. गाईड बाई एकदम मस्त होत्या, पन्नाशीच्या, लोकल, त्यांचं बोलणं मला पाच मिनिटं कळेचना मग कान बसला. त्यांनी पोरांना पुढे बोलावलं आणि विचारलं, तुमच्यात नऊ वर्षांचं कोण आहे. लेकीने हात वर केला. "मग तू उद्या पहाटे साडेपाचला उठायचं, सहाला मशीनवर, संध्याकाळी सातपर्यंत." लेक म्हणाली, "शनिवारी?" शनिवारी पण. रविवारी सुट्टी, पण सुट्टी म्हणजे विल्म्सलोच्या चर्चला चालत जायचं आणि चालत यायचं.

नाश्ता म्हणजे ओट्सची लापशी, आणि ती इतकी घट्ट की हातावर घालायचे म्हणे, ताटली नाही, तळहातावर गोळा घेऊन खायचा. बाईंनी आपला तळहात पुढे करून दाखवला. बाबांना मी भाषांतर करून सांगत होते, ह्या तळहातावर आल्यावर बाबा पहिल्यांदा बोलले, "धुतलेले असायचे का हात?" मी विचारलं नाही, लाज वाटली. आता वाटतं विचारायला हवं होतं.

आता इथे माझं म्हणणं ऐका, कारण हे म्युझियम मला का आवडलं ते इथेच आहे. हे लोक ग्रेगला राक्षस म्हणून दाखवत नाहीत. उलट सांगतात की त्या काळच्या मानाने ही चांगली मिल होती. आणि होतीच. डर्बीशायरमधल्या लिटन मिलमध्ये रॉबर्ट ब्लिंको नावाचा पोरगा होता, लंडनच्या सेंट पँक्रसच्या वर्कहाउसमधून आणलेला, निघताना त्यांना सांगितलं होतं की तिथे भाजलेलं बीफ आणि प्लम पुडिंग मिळतं, आणि त्याने मोठेपणी जे सांगितलं ते वाचवत नाही, पोरांच्या कानांना वजनं लावायचे, मारायचे, पोरं डुकरांच्या कुंडातलं उचलून खायची. तसं इथे नव्हतं. इथे खोल्या रोज हवेशीर करायचे, वर्षातून एकदा चुना, चादर महिन्यातून एकदा बदललेली, दर रविवारी धुतलेला शर्ट. इथे डॉक्टर ठेवलेला होता, नट्सफर्डचा पीटर हॉलंड, तो येऊन पोरं तपासायचा, औषध लिहून द्यायचा आणि त्याच्या नोंदी अजून आहेत. जळवा लावायचा, तेव्हाचं औषधच ते. मालकीणबाई हॅना ग्रेग शिकलेली, धर्माची, पोरांना लिहावाचायला शिकवायची सोय केलेली, मुलग्यांना गणित, मुलींना शिवण. तेवढ्यासाठी वेगळी खोली आहे, बाकडी आहेत, आमच्या लेकीने तिथे पाटीवर नाव लिहून बघितलं.

म्हणजे ही अख्ख्या इंग्लंडातली त्यातल्या त्यात बरी जागा. आणि बरी जागा असून ती अशी.

हे मला त्या टूरमध्ये हळूहळू चढत गेलं. राक्षसाची गोष्ट सोपी असते, ऐकायची, चुकचुकायचं, चहा प्यायला जायचं. इथे तुम्ही कोणावर चिडायचं तेच कळत नाही.

बाईंनी दोन पोरांची गोष्ट सांगितली, ती कागदोपत्री आहे कारण त्यांची जबानी मॅजिस्ट्रेटपुढे झाली होती. १८०६ साल. थॉमस प्रीस्टली, वय तेरा आणि जोसेफ सेफ्टन, वय सतरा. दोघे लंडनच्या हॅकनीचे. थॉमसचं डाव्या हाताचं तर्जनीचं बोट चाकात अडकलं आणि तुटलं. डॉक्टर हॉलंडने बघितलं, सहा आठवड्यांत बरा झाला. बरा म्हणजे जखम भरली. त्या सहा आठवड्यांत पडल्या पडल्या पोराला आईची आठवण यायला लागली आणि मग दोघं निघाले, चालत, लंडनला. मँचेस्टर ते लंडन! गाडीने चार तास लागतात, आम्ही करतो ना, दोनदा थांबून, मागच्या सीटवरून "अजून किती" ऐकत. पोचले, पकडले गेले, मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले. आणि तिथे मोठा सेफ्टन काय सांगतो? की अंथरूण चांगलं होतं, खोल्या स्वच्छ होत्या, मालकाबद्दल माझी काही तक्रार नाही, शाळा अजून जास्त मिळायला हवी होती आणि मला आईला भेटायचं होतं.

मी हे बाबांना मराठीत सांगताना "आईला भेटायचं होतं" ला अडकले. बाबा म्हणाले, "तक्रार नाही म्हणणारच. साहेबासमोर कोण तक्रार करतं."

बाबांच्या ह्या एका वाक्यावर मी नंतर बराच वेळ विचार केला. मला तोपर्यंत वाटत होतं की पोरगं खरं बोलतंय, इतकं साधं मागतंय. बाबांना वाटलं की पोरगं शहाणं आहे, परत तिथेच जायचंय हे त्याला माहीत आहे. दोन्ही असेल.

अजून एक म्हणजे एस्थर प्राइस. लिव्हरपूलची. ही १८३० च्या दशकातली, आणि ही मला सगळ्यात आवडली कारण ही भांडली. पळून गेली, परत आणली, शिक्षा म्हणून ह्याच घरातल्या एका खोलीत आठवडाभर कोंडली, केस कापायची धमकी. पण तिचा मुद्दा असा होता की मिलच्या वहीत माझं वय कमी लिहिलंय. मी त्यापेक्षा मोठी आहे, माझा करार आधीच संपायला पाहिजे. आणि तिने लिव्हरपूलहून आपला बाप्तिस्म्याचा दाखला मिळवून दाखवला की बघा. सुटली. विचार करा, तेव्हा सरकारी जन्मनोंद नव्हतीच, इंग्लंडात ती १८३७ ला सुरू झाली. वहीत जे लिहिलं तेच वय. वर्कहाउसवाल्याने अंदाजाने लिहिलेलं, मालकाने सोयीने वाचलेलं.

हे वयाचं प्रकरण ऐकताना बाबांनी माझा हात दाबला. कारण आमच्याकडे पण असंच एक वय आहे. माझे खापरपणजोबा संगमेश्वरहून मुंबईला आले ते नऊ-दहा वर्षांचे, चुलत्याबरोबर, आणि मिलमध्ये अर्ध्या दिवसावर लागले. हाफ टायमर म्हणायचे. १८९१ च्या कायद्याप्रमाणे नऊच्या खालचं पोर चालायचं नाही आणि नऊ ते चौदाला दिवसाला सात तासच. कायदा म्हणजे कायदा. मग व्हायचं काय, तर सकाळी एका मिलमध्ये एका नावाने सात तास आणि संध्याकाळी दुसऱ्या मिलमध्ये दुसऱ्या नावाने सात तास. ही फक्त आमच्या घरची बढाई नाही, सरकारी चौकशांत हे सगळं आलेलं आहे आणि पुढे १९२२ च्या कायद्यात एका दिवशी दोन कारखान्यांत पोराला लावू नका असं वेगळं लिहावं लागलं. तर खापरपणजोबांची दोन नावं होती आणि दोन वयं. घरात सांगतात की पुढे म्हातारपणी त्यांना कोणी वय विचारलं की ते विचारायचे, "कुठल्या मिलमधलं?"

मी हे लहानपणी जोक म्हणून ऐकलं होतं.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर एक गंमत, म्हणजे गंमत नाही, पण मँचेस्टरला राहून हे माहीत पाहिजे. हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा, सातच्या खालची पोरं नकोत आणि सात ते बाराला नऊ तास. तो व्हावा म्हणून जोर लावणाऱ्यांत इथले, मँचेस्टरच्या आसपासच्या लँकेशायरचे मिलमालक पुढे होते. पोरांचा कळवळा? १८५४ ला कावसजी दावर ह्या पारशी व्यापाऱ्याने मुंबईत पहिली मिल काढायला घेतली, मग ताडदेव-परळ-लालबागला भोंगे वाजायला लागले, तिकडचं सूत स्वस्त पडायला लागलं, तेव्हा इथल्यांना मुंबईची पोरं आठवली. इथली पोरं तोपर्यंत वापरून झाली होती. खरं म्हणजे झालीही नव्हती, लँकेशायरमध्ये अर्धा दिवस शाळा अर्धा दिवस मिल हे १९१८ चा कायदा येऊन लागू होईपर्यंत चालूच होतं. आणि मुंबईचे मालकही काही संत नव्हते, आम्हाला कायदा नको म्हणून ओरडत होते. मधल्या मध्ये आपले नारायण मेघाजी लोखंडे, 'दीनबंधू'चे संपादक, त्यांनी १८८४ ला गिरणी कामगारांना एकत्र आणून मागण्या मांडल्या आणि रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला. स्टायलच्या पोरांना निदान रविवार होता! हे मी बाबांना म्हटलं तर म्हणाले, "चर्चला जायला लागायचं ना."

बरं, आता मिल. पाच मजली लाल विटांची. आत शिरल्यावर पहिल्यांदा हाताने सूत काढून दाखवतात, चरखा, हातमाग. बाबांना त्यात रस नव्हता, ते पुढे पुढे चालत होते. पिंजणाचं मशीन, त्यातून पेळू कसा निघतो ते दाखवतात, लेकीला तो हातात घेऊन बघायला मिळाला, मऊ म्हणजे इतका मऊ. मग येतं सूतकताईचं म्यूल.

म्यूल म्हणजे काय हे ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी. एक लांबच लांब गाडा रुळावर, त्यावर चात्यांची, म्हणजे सूत पिळणाऱ्या फिरत्या दांड्यांची रांग. गाडा पुढे येतो, सूत ताणलं जातं, पिळलं जातं, मग गाडा मागे जातो आणि सूत गुंडाळलं जातं. पुढे, मागे, पुढे, मागे. दिवसभर. मध्ये सूत तुटलं की एक पोर पळत जाऊन गाडा चालू असतानाच दोन टोकं बोटांनी चुरगाळून जोडणार, मशीन थांबवायचं नाही. आणि एक त्याच्याहून लहान पोर, स्कॅव्हेंजर, हे गाडा पुढे आलेला असताना ताणलेल्या सुताच्या खाली घुसून जमिनीवरचे कापसाचे पुंजके गोळा करणार, आणि गाडा परत यायच्या आत बाहेर. तेलकट फरशी, अनवाणी पाय, केस मोकळे नकोत. त्या कापसाला आग पट्कन लागते म्हणून साफ करायचं. लहान पोर का? मावतं म्हणून. इतकं सरळ आहे ते.

दाखवणाऱ्या काकांनी गाडा बंद ठेवून पोरांना खाली वाकून बघायला सांगितलं, घुसायला नाही, नुसतं बघायला. लेक गुडघ्यावर बसली. मी वरून बघत होते, तिची पाठ आणि सुताची पातळी. मावत होती. पट्कन उठ म्हटलं मी, उगाच, मशीन बंद होतं.

मग त्यांनी ते चालू केलं आणि ती लगेच माझ्या मागे.

खाली मागांचा विभाग आहे. दारात बाई सांगतात की आवाज मोठा आहे, लहान मुलांना त्रास होत असेल तर लांब उभे राहा. त्यांनी दोनच माग सुरू केले. दोन! आणि मला छातीत जाणवायला लागलं. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे, खाडखाड खाडखाड. बाबा इतका वेळ हात मागे बांधून शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबासारखे फिरत होते, ते एकदम पुढे गेले दोरीपर्यंत. चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, आनंद म्हणावा तर आनंद नव्हता. माग चालवणाऱ्या बाईंना त्यांनी हाताने काहीतरी खूण केली, बोट गोल फिरवून आणि मग तोडल्यासारखं. बाईंनी मागाकडे बघितलं आणि खरंच, एक धागा तुटला होता. त्यांनी माग थांबवला, जोडला आणि बाबांकडे बघून अंगठा दाखवला. मग ओठांनी काहीतरी बोलल्या, आवाज न काढता, मोठं मोठं तोंड करून. माग बंद झाल्यावर कळलं की लँकेशायरच्या मागवाल्या बायकांची ही भाषाच होती, आवाजात ऐकू येत नाही म्हणून ओठ वाचायचे, तिला मी-मॉ म्हणतात. बाबा म्हणाले, "आमच्यात हात. जॉबर, म्हणजे मुकादम, आला की ही खूण." आणि कॉलर धरून दाखवली. बाई इतक्या हसल्या. एकाला इंग्रजी येत नाही, एकीला इंग्रजीशिवाय येत नाही, आणि पाच मिनिटं गप्पा. मी आणि लेक तिसऱ्याच.

पण बघा, हाच आवाज त्या गाड्याखालच्या पोराच्या कानात. वरून कोणी "बाहेर ये" ओरडलं तरी ऐकू जाणार नाही. बाबांचा कान वीस वर्षांचे असताना जायला लागला, ते म्हणतात पहिल्या दोन वर्षांतच. इथे सात-आठ-नऊ वर्षांची पोरं अठरा होईपर्यंत.

कायद्यांची एक खोली आहे तशी, म्हणजे पाट्या आहेत, घाई असेल तर सोडली तरी चालेल पण दोन गोष्टी बघा. १८०२ चा कायदा पोरांना दिवसाला बारा तास म्हणतो, आणि तपासायला पगारी माणूसच नाही. १८३३ चा नऊच्या खाली नको म्हणतो, नऊ ते तेराला आठवड्याला ४८ तास आणि रोज दोन तास शाळा, आणि ह्या वेळी तपासायला इन्स्पेक्टर ठेवले, अख्ख्या देशाला चार. चार! आणि वय कसं ठरवायचं तर डॉक्टर उंची बघणार, दात बघणार. बैल घेताना बघतात तसे. आमच्या कन्येचे पुढचे दोन दात नुकते आलेत, ती आरशात जाऊन बघून आली की मी किती वर्षांची दिसते.

ग्रेगच्या मुलाने, रॉबर्ट हाइड ग्रेगने, १८४७ ला हे अप्रेंटिस ठेवणं बंद केलं. दया आली असं काही नाही, तोपर्यंत कायदे झाले होते, गावात कुटुंबं वसली होती, पोरं फुकट ठेवण्यापेक्षा पगारावरचे कामगार परवडत होते. हा तोच रॉबर्ट जो कामाचे तास कमी करायला विरोध करायचा. आणि अजून एक गोष्ट तिथे लपवलेली नाही, ते मला आवडलं, की ह्या कुटुंबाचा कॅरिबियनमध्ये डॉमिनिकाला मळा होता, हिल्सबरो नावाचा, तिथे गुलाम होते. आणि मिलमध्ये येणारा बराचसा कापूस पिकवायला अमेरिकेत गुलाम. म्हणजे हॅनाबाई संध्याकाळी पोरांना अक्षरं शिकवतायत हे खरं, आणि हेही खरं. दोन्ही एकाच घरात.

हिंदुस्थानचा कापूसही इथे येत होता बरं का. अमेरिकेत यादवी पेटली, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस बंद, मग सुरतेचा म्हणून आपला कापूस लँकेशायरला भरभरून यायला लागला, मुंबईत त्याच पैशावर शेअरचा जुगार झाला आणि बुडाला. इथले कामगार मात्र त्या कापसाला शिव्या घालायचे कारण धागा आखूड, सारखा तुटायचा. देवा कापूस पाठव पण सुरती नको, अशी प्रार्थनाच करायचे म्हणे. बाबांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा मोकळे हसले. "आखूड धाग्याचा आम्हाला पण वैताग होता," म्हणाले.

तळाशी पाणचक्की आहे. लोखंडी, प्रचंड, आणि चालू. मूळची नाही, यॉर्कशायरच्या दुसऱ्या मिलमधून आणून बसवलेली आहे. पण पाणी तेच, बॉलिनचं. लेक तिथे पंधरा मिनिटं उभी होती आणि मला बाकी सगळ्यापेक्षा तेच आवडलं म्हणाली. ठीक आहे, नऊ वर्षांची आहे.

कॅफे बरा आहे. सूप घेतलं, ब्रेड घेतला, बाबांनी आणलेल्या चपात्या बाहेर बाकावर बसून खाल्ल्या, कोणी काही म्हणालं नाही. दुकानात कापडाच्या वस्तू आहेत, बाबा प्रत्येक टॉवेल उलटा करून वीण बघत होते, एकही घेतला नाही.

लहान मुलांना न्यावं का? मैत्रिणीने विचारलं म्हणून लिहिते. पाचच्या खाली कंटाळतील आणि मागांच्या आवाजाला रडतील. आठ ते बारा एकदम योग्य, पण घरी येऊन प्रश्न विचारतील त्याची तयारी ठेवा. आमच्याकडे त्या रात्री झोपताना प्रश्न होता की थॉमसला आई भेटली का. मला माहीत नव्हतं. मग तिने स्वतःच ठरवलं की भेटली. दुसऱ्या दिवशी शाळेत जायला उठवलं तर म्हणे किती वाजलेत, सात वाजले म्हटलं तर म्हणे बरं झालं, आणि परत झोपली.

वेळ किमान पाच तास धरा. आम्हाला बाग राहिली आणि स्टायल गावातली कामगारांची घरं, ग्रेगने बांधलेली, ती लांबूनच बघितली. बाबांना ती बघायची होती, चाळ म्हणून. "खोली केवढी असेल गं?" असं येताना टॅक्सीत दोनदा विचारलं. एप्रिलमध्ये आई येतेय, तेव्हा परत जाऊ, आईला बागेत सोडू आणि बाबांना चाळीत.